सलग वास्तव्य

दुकानातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय टाचणी,

पत्र बघून तुला वाटेल, आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? हातात फोन असताना ही कागद का काळे करते आहे? कारण सोपं आहे. आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे जाहीर सभा. बाहेरच्या खोलीत हळू बोलले तर आतल्या खोलीत ऐकू जातं, आणि स्वयंपाकघरात बोलले तर दुसऱ्या दिवशी शेजारीण जिन्यात गाठून सल्ला देते. म्हणून इथे, दुकानातल्या कापायच्या टेबलावर, मापं लिहायच्या वहीची पानं फाडून लिहिते आहे. मागच्या बाजूला कुणाच्या कमरेचं माप दिसलं तर वाचू नकोस, गिऱ्हाइकांची गुपितं असतात ती. मालकीणबाई जेवायला जातात तेव्हा तासभर दुकान माझं असतं. एका तासात हे संपणार नाही, तीनचार दिवस लागतील. मध्येच सूर बदललेला वाटला तर समज की दिवस बदलला.

सोबत गुंडीसाठी फ्रॉक आहे. आठ महिन्यांची पोर किती वाढली असेल याचा फोटोवरून अंदाज येत नाही, म्हणून दोन्ही कुशींना आणि खाली भरपूर माया ठेवली आहे. तू लहान असताना विचारायचीस, शिवणीच्या आत दडवलेल्या जादा कापडाला माया का म्हणतात. तेव्हा मी तुला टाचण्या गोळा करायला बसवून प्रश्न टाळला होता. पोर वाढेल तशी उसवून सैल करत जा, दोन वर्षं सहज जाईल. फ्रॉकला एक खिसा लावला आहे. एवढ्याशा पोरीला खिसा कशाला, असं तू म्हणशीलच, कारण टोचून बोलल्याशिवाय तुला राहवत नाही आणि नाव काही उगाच पडलेलं नाही. खिशाचं शेवटी सांगते.

आधी वहिनीबद्दल. त्या दिवशी फोन तिने उचलला आणि तू तिला म्हणालीस, "फुकटची मोलकरीण हवी म्हणून तुम्ही माझ्या आईला सोडत नाही." तिने फोन माझ्या हातात दिला आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती. मग तू मला म्हणालीस, घर दादाच्या नावावर कर आणि निघून ये, तो जन्मापासून तिथे राहतोय, तुझी काय गरज आहे तिथे? तुझं म्हणणं वाजवी होतं. तुझी रजा संपत आली आहे, घरमालकाने पुढच्या वर्षीचं भाडं वाढवून सांगितलं आहे, पाळणाघर परवडत नाही, आणि इकडे तुझी धडधाकट आई लोकांच्या पँटी आखूड करत बसली आहे. मी काय सांगितलं? दुकानात गर्दी आहे म्हणून. हे कारण मी तुला इतक्या वेळा दिलं आहे की एवढी गर्दी खरंच असती तर मालकीणबाईंनी दुसरं दुकान काढलं असतं.

गर्दी नाही. पडदे मात्र खूप येतात. इतकी वर्षं या टेबलाशी उभी राहून मला एक विद्या आली आहे, पडदे बघून मी माणसाचं घरभाडं ओळखते. पडदा लांब करून मागणारी माणसं आता क्वचित येतात. एक शाळेतल्या बाई आहेत, त्यांचे निळे पडदे मी चार वेळा हाताळले. पहिल्यांदा जमिनीपर्यंत होते. दुसऱ्यांदा अर्धे केले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, आता एकाच झडपेची खिडकी आहे, उरलेल्याचे अभ्रे करा. चौथ्यांदा म्हणाल्या, खिडकी नाही, पलंगपोस जमेल का? आम्ही दोघी हसलो. तेव्हापासून मी कुणाचा पडदा कापत नाही, जादा कापड आत दुमडून शिवते. माणसाला पुन्हा मोठी खिडकी मिळाली तर असू दे. तुझ्या पहिल्या घरासाठी शिवलेले पडदे आठवतात? मी आले होते तेव्हा तुझ्या चौथ्या घरात ते दोन वीत जास्त होते आणि तू ते टाचण्यांनी वर अडकवले होतेस. शिवून का घेतले नाहीस विचारलं, तर म्हणालीस, कशाला, पुढच्या वर्षी कुठे असू कुणास ठाऊक.

घर पाहावं बांधून, अशी आपल्याकडे म्हण होती. आता घर पाहावं भाड्याने घेऊन असं म्हणायची वेळ आली आहे. तुझ्या देशात करार वर्षाचा, वर्ष संपलं की मालक तोंडाला येईल तो आकडा सांगतो. तुझ्या मामाच्या देशात सरकारच घरं देतं, भाडंही पगार बघून, ऐकायला स्वर्ग. पण रांग. त्याने नाव घातलं तेव्हा त्याला पाळणाघराजवळ घर हवं होतं. आता तो म्हणतो, नंबर लागेल तेव्हा तळमजलाच मागीन, गुडघे चढू देत नाहीत. बरं, रांगेतला नंबर टिकवायला त्याच गावात राहावं लागतं, म्हणून दुसरीकडची चांगली नोकरीसुद्धा त्याने सोडली. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तुला कुणी राहू देत नाही, मामाला कुणी आत घेत नाही आणि मला कुणी बाहेर पडू देत नाही. तू मला नेहमी नशीबवान म्हणतेस, जुन्या भाड्याचं घर आहे म्हणून. ते खरंही आहे.

आता कायदा. जांभई येईल, पण वाच. तू गेलीस त्यानंतर दोन वर्षांनी तो बदलला, म्हणून तुझ्या डोक्यात जुनाच बसला आहे. नव्या कायद्यात आमच्यासारख्या जुन्या भाडेकरूंचं भाडं जुनंच राहिलं, पण त्याला दोन अटी आल्या. पहिली, ज्याच्या नावावर घर आहे त्याचं तिथे सलग वास्तव्य हवं. वर्षात तीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की घर मालकाचं. तुझ्या बाबांनंतर घर माझ्या नावावर आहे, म्हणजे हे तीस दिवस माझे. दुसरी अट, मी जिवंतपणी घर मुलाच्या नावावर केलं काय किंवा मेल्यावर ते त्याच्याकडे गेलं काय, त्या मुलाचं माझ्याबरोबर पाच वर्षं सलग वास्तव्य पाहिजे, आणि ते नोंदणी कचेरीच्या रजिस्टरात दिसलं पाहिजे. नाहीतर घर रिकामं करायचं. आपल्या मजल्यावरचं शेवटचं घर असं रिकामं झालं, तिथे आता तेवढ्याच दोन खोल्यांना सातपट भाडं आहे. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दोघांचे पगार एकत्र बांधले तरी नाकापेक्षा मोती जड.

सलग हा शब्द माझ्या धंद्यातला. जोड नसलेलं कापड म्हणजे सलग. जोड कितीही बारीक घातला तरी उजेडात धरला की दिसतो, हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगत आले. मला कुठे ठाऊक होतं की एक दिवस कचेरीवाले मलाच उजेडात धरतील.

मालकाने त्यासाठी एक माणूस ठेवला आहे. महिन्यातून एकदा, कधी कुठल्या दिवशी येईल सांगता येत नाही, तो दार वाजवतो, माझा चेहरा बघतो आणि सही घेतो. त्याला मी हजेरीमास्तर म्हणते. वाईट माणूस नाही. त्याच्या कोटाचं अस्तर मी दोनदा बदलून दिलं आहे, आणि तो स्वतः चौघांत मिळून एका खोलीत राहतो, हेही त्यानेच सांगितलं. पण त्याच्या टकटकीची मला अशी सवय झाली आहे की वारा आला तरी मी उठून केस सारखे करते. माझी खाट दाराशीच आहे, दार पूर्ण उघडलं की खाटेच्या पायाला लागतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या पायांवरून जातो. आजारी पडायची सोय नाही. एकदा खोकला लांबला तर वहिनी रोज संध्याकाळी औषध घेऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि गिळल्याशिवाय हलायची नाही. मला वाटलं, मालकाला घाबरते. रस्ता ओलांडताना मी हल्ली दोनदा बघते, जिवाच्या भीतीने नाही, त्या कलमाच्या भीतीने. साध्या भाषेत सांगायचं तर मला इथून जायची परवानगी नाही आणि मरायचीही नाही.

म्हणून मी तुझ्याकडून सव्विसाव्या दिवशी निघाले, टाचणी. चार दिवस प्रवासाच्या गोंधळासाठी हातचे राखायचे होते. आदल्या दिवशी गुंडीला लस टोचली होती, अंगात कणकण होती, ती तुझ्या खांद्यावर कुरकुरत होती आणि तू दारात उभी राहून एवढंच म्हणालीस, "आई, दोन दिवस थांब ना." मी म्हटलं, दुकानात गर्दी आहे. तू बाजूला झालीस. टॅक्सीत बसल्यावर मी वर पाहिलं, तर तुझ्या खिडकीतल्या पडद्याची दुमड मला दिसली, जी मी आठवडाभर बसून हाताने घातली होती. लसीचा ताप दोन दिवसांत उतरतो, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. माझा पाय निघाला कसा, हे तू मला त्यानंतर एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. तुझं ते बाजूला होणं मला अजून पुरतं आहे.

कालच्या सुट्टीत इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. आज लिहिते.

तुझं म्हणणं असं की दादा जन्मापासून या घरात आहे, मग त्याची पाच वर्षं केव्हाच झाली. बरोबर आहे. झाली होती. नवा कायदा आला त्याच दिवशी मी घर त्याच्या नावावर करून मोकळी होऊ शकले असते. त्यानंतर चार महिन्यांनी जे झालं, ते गेल्या रविवारपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीला सातवा महिना होता. दादाने बाळाच्या पाळण्यासाठी बाहेरच्या खोलीत जागा करायची म्हणून माझं मशीन माळ्यावर चढवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मला न विचारता दोरी घेऊन आला. ज्या मशीनवर मी तुम्हा दोघांची शाळा शिवली, तुझ्या बाबांच्या आजारपणात घर शिवलं, ते माळ्यावर. मी जे तोंड सोडलं ते मला आठवतं, पण लिहवत नाही. तोही माझाच मुलगा, त्यानेही कमी केलं नाही. संध्याकाळपर्यंत तो वहिनीला घेऊन तिच्या भावाकडे निघून गेला आणि जाताना म्हणाला, मशीनबरोबर राहा.

दुसरी एखादी असती तर रडली असती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी कचेरीत गेले आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, माझ्या घरात आता तो राहत नाही, नाव कमी करा. म्हातारासा, जाड चष्म्याचा माणूस होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आठ दिवस थांबा. नाव लिहायला वेळ लागतो, खोडायला लागत नाही." मी त्याला सांगितलं, राग माझा, मुलगा माझा, तुम्ही तुमचा शिक्का मारा. त्याने मारला. अति राग आणि भीक माग, हे मी तुम्हाला लहानपणी शंभरदा ऐकवलं असेल, स्वतः मात्र त्या दिवशी विसरले. बाराव्या दिवशी दादा दारात उभा, हातात तीच बॅग. बाहेरची भाडी बघून आला होता. मी पाणी दिलं, त्याने मशीनला तेल घातलं, झालं. पाळणा मशीनच्या शेजारी मावला, हेही सांगते, दोघांनी नीट मोजलं असतं तर भांडणच झालं नसतं. त्याच आठवड्यात, कसला तरी फॉर्म आलाय म्हणून मी त्याची सही घेतली आणि नाव पुन्हा घालून आले. कारकुनाने रजिस्टर माझ्याकडे फिरवून दाखवलं. दादाच्या नावापुढे लिहिलं होतं, बारा दिवसांचा खंड. तेहतीस वर्षांचं वास्तव्य तिथे तुटलं आणि पाच वर्षांची मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी माझ्याच हाताने माझ्या पायाला दोरी बांधली आणि वर चार वर्षं आठ महिने तुला सांगत राहिले की दुकानात गर्दी आहे.

दादाला का सांगितलं नाही? लाज. दुसरं काही नाही. आईने रागात मुलाचं नाव घरातून कापलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस, तुझ्या पोटात टाचणी राहत नाही. पण त्या दिवशी तू वहिनीला बोललीस आणि ती घासलेली भांडी पुन्हा घासत राहिली, तेव्हा मला कळलं की माझ्या लाजेचे फटके दुसऱ्याच्या पाठीवर पडायला लागले आहेत. रविवारी दादा स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होता. मी शेजारी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं, दोरीपासून शिक्क्यापर्यंत. तो पाना फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत आहे, आई."

त्याला पहिल्यापासून माहीत होतं. लेक झाली तेव्हा तिचं नाव रजिस्टरात घालायला तो गेला, आणि त्याच चष्मेवाल्याने त्याला खंड दाखवला. वहिनीलाही त्याच संध्याकाळपासून माहीत होतं. म्हणजे आम्ही तिघंही एकाच घरात, एकमेकांच्या पायांवरून ये-जा करत, मनातल्या मनात तीच तारीख मोजत होतो. ते औषध घेऊन उभं राहणं आठव. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, भांडला का नाहीस? तर तो नळाकडे बघूनच म्हणाला, "विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. तू इथे घरासाठी राहतेस की आमच्यासाठी, ते मला ऐकायचं नव्हतं." मशीनच्या टाक्यात वरचा धागा असतो आणि खालचा असतो, कापड कुठल्याने धरलंय हे उसवल्याशिवाय सांगता येत नाही. मी तिथे बसून रडले. नळ तेवढा गळायचा थांबला.

मग तो म्हणाला, जा तू, घर गेलं तर गेलं, तिला गरज आहे. वहिनी दारात येऊन उभी होती, तीही म्हणाली, जा आई, आम्ही बघू काहीतरी. म्हणताना तिचा हात लेकीच्या केसांत होता. त्या पोरीची शाळा आपल्या गल्लीच्या टोकाला आहे, वहिनीचं दुकान त्याच्या पुढे, आणि सातपट भाड्याच्या जगात 'काहीतरी' नावाची खोली कुठेच नसते. मी नाही म्हटलं. आता चार महिने आणि नऊ दिवस उरले आहेत. पण इतका फरक पडला आहे की आता आम्ही उघड मोजतो. वहिनीने स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलं आहे, दादाची लेक रोज एका चौकटीवर फुली मारते. तिला वाटतं आज्जीची सहल आहे. तारीख आली की मी आणि दादा कचेरीत जाणार, मी सही करणार आणि घर त्याचं. हजेरीमास्तरला मी म्हटलं, चार महिन्यांनी तुमचं एक दार कमी होणार. तो म्हणाला, चुकल्यासारखं होईल.

इथेच पत्र संपवायचं होतं. वहिनीची माफी माग, चार महिने कशीबशी काढ, मग मी येतेच, असं लिहून. पण परवा घरी मशीनवर बसले तेव्हा समोरच्या भिंतीवर खडूने काही आकडे लिहिलेले दिसले. माझाच खडू, दादाचं अक्षर. बहात्तर गुणिले तीस. मापं वाचण्यात माझा जन्म गेला, मला ते वाचायला वेळ लागला नाही. ते माझ्या खाटेचं माप होतं. त्याखाली छत्तीस गुणिले अठरा, ते मशीनचं. आणि बाजूला एका छोट्या टेबलाचं चित्र, खुर्चीसकट. पोर पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, तिला अभ्यासाला जागा नको का? त्याने चांगल्या मनाने मोजलं आहे, आई तिकडे जाणारच आहे असं धरून. यावेळी आधी मोजलं, दोरी नाही आणली, म्हणजे शहाणा झाला. मला राग आला नाही. पूर्वी आला असता. मी फक्त ओल्या फडक्याने ते आकडे पुसले आणि मग वाटलं, बिचाऱ्याला पुन्हा मोजावं लागेल, म्हणून तसेच परत लिहून ठेवले. अक्षर माझं आहे हे त्याच्या लक्षात आलं असेल की नाही, माहीत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. चार महिने नऊ दिवसांनी मी पहिल्यांदा कुठेही जायला मोकळी होईन, आणि त्याच दिवसापासून माझ्या नावावर कुठलंही घर नसेल. इथे मी घर धरून ठेवणारी होते, तुझ्याकडे गुंडीला धरून ठेवणारी होईन. दादाला जे विचारवलं नाही, ते मी तुला विचारते, आणि तू मला खरं सांग. तुला आई हवी आहे, की गुंडीजवळ बसायला माणूस हवं आहे? मी रागावणार नाही, कचेरीत जाऊन कुणाचं नाव खोडणार नाही. दोन्ही उत्तरांना मी येणारच आहे. नुसतं पोरीजवळ बसायचं असेल तर एक बॅग पुरेल, ती शाळेत जायला लागली की पुढचं पुढे बघू. पण तुझ्या या घरात, पुढच्या घरात, त्याच्याही पुढच्या आणखी लहान घरात माझ्यासाठी जागा असणार असेल, तर मी मशीन घेऊन येईन. त्याला फार जागा लागत नाही, वर लिहिलीच आहे. तुझ्या खिडकीखाली, पडद्याच्या आत, तेवढी जागा आहे का ते मोजून कळव. टेप फ्रॉकच्या खिशात ठेवली आहे.

अजून चार महिने सलग,
तुझीच
आई